भागिले दहा

कॉलेजात इतिहासाच्या सरांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. बाकी सगळीकडे ते 'भागिले दहा'. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे पाठीमागे तेच म्हणत. सरांना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. कोणी एखाद्या जुन्या राजाची फौज लाखांत सांगितली रे सांगितली की सर चष्मा कपाळावर ढकलत आणि म्हणत, "आधी दहाने भागा, मग माझ्याशी बोला."

हा भागाकार उगाच नव्हता. सर म्हणत, राजाने दगडावर कोरलं ते कोरलं, पण दगडाला तहान लागत नाही, माणसांना लागते. नऊ लाख माणसं एका अरुंद खिंडीतून चारचारच्या रांगेने चालवून तर दाखवा! पुढचे लढून, जिंकून परतीला लागले तरी मागचे अजून आपल्याच अंगणात वहाणांच्या वाद्या आवळत बसलेले असतील. एवढ्या घोड्यांना चारा काय आभाळातून पडणार? आणि ते बाराशे जहाजांचं आरमार! त्या काळी रात्री जहाजं किनाऱ्यावर ओढून ठेवत. मग सर नकाशा पसरत, पट्टीने तो किनारा मोजत, दीडशे जहाजांनाच कशीबशी जागा निघे, आणि ते विचारत, "बाकीची काय एकमेकांच्या डोक्यावर ठेवली होती?" वर्ग खो खो हसे. फौज मोजायची तर राजाच्या तोंडाकडे बघू नका, असं ते शिकवत. आटलेल्या विहिरी बघा, उजाड कुरणं बघा, विझलेल्या चुलींची राख बघा.

या नियमाला एक दुसरी बाजूही होती. राजे शत्रूची फौज फुगवतात, पण आपले मेलेले मात्र लपवतात, तेव्हा तिथे भागायचं नाही, गुणायचं. हे सर पुढच्या तासाला सांगत, पण हशा संपलेला असल्यामुळे त्या तासाला फारसं कोणी येत नसे. पुढे पुढे ही बाजू सरांच्याही डोक्यातून मागे पडली.

घरी येताना माणूस चपला दाराशी काढतो, तसा हा भागाकार सरांना दाराशी काढून ठेवता आला नाही. त्याला कारण त्यांची थोरली बहीण. आक्कांचं डोकं दुखलं की 'मेंदू फुटला' असे, पायात काटा रुतला की 'पाय गेला'. लहानपणापासून राईचे पर्वत बघितलेल्या माणसाने घरातली प्रत्येक तक्रार शिलालेखासारखी वाचावी, यात नवल नव्हतं. चूक एवढीच झाली की लग्न झाल्यावरही त्यांनी वाचायची पद्धत बदलली नाही, आणि बायको निघाली अगदी उलट्या स्वभावाची. ती पर्वताची राई करणारी.

ती कपडे शिवायची. पुढच्या खोलीत तिचं पायाने चालवायचं मशीन होतं आणि शाळांचे गणवेश तिच्याकडे गठ्ठ्यांनी यायचे. शिवणीत ती दोन बोटं कापड हमखास जास्त धरायची, पोरं वाढली तर उसवता आलं पाहिजे म्हणून. बोलण्यात मात्र तिने आयुष्यात दोराभरही जास्त सोडलं नाही. एकदा मशीनची सुई बोटातून आरपार गेली, तेव्हा ती म्हणाली होती, "टोचलं वाटतं."

या आठवड्यात तिने म्हटलं, "अहो, पोटात जरा दुखतंय." सर तेव्हा संग्रहालयाच्या नव्या दालनाच्या कामात गळ्यापर्यंत बुडालेले. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. जरा भागिले दहा म्हणजे काहीच नाही. "गरम पाणी पी," ते म्हणाले, आणि ती ते मुकाट्याने प्यायली. दोन दिवसांनी तिने परत सांगितलं, तेव्हा त्यांनी मान वर न करता परत पाणीच सांगितलं.

आज सकाळी मात्र तिने विचारलं, "दवाखान्यात जाऊन यायचं का? तुम्हाला वेळ असेल तर." सर दचकले. तिने स्वतःसाठी दवाखान्याचं नाव काढल्याचं त्यांना आठवेना. तरी टॅक्सीत बसेपर्यंत त्यांनी स्वतःची समजूत घातली होती की वय झालं, पित्त असेल, तासाभरात मोकळे होऊ.

मोकळं होणं गरजेचं होतं, कारण दालन उद्या उघडायचं होतं आणि भिंतीवर लिहायचा फौजेचा आकडा अजून ठरला नव्हता. दवाखान्याच्या बाकावर बायको पुढे झुकून बसली होती आणि सर बाकाभोवती फिरत होते. पायाला भिंगरी लागलेली. दारापर्यंत जायचे, पाटी वाचायचे, परत यायचे. तेवढ्यात फोन वाजला. संग्रहालयाचा व्यवस्थापक होता.

"सर, रंगारी शिडीवर उभा आहे. नऊ लिहून झालाय. पुढे शून्यं किती घालायची? चार की पाच?"

"चार! नव्वद हजार. तेसुद्धा मी भीत भीत म्हणतोय."

"आमचे संचालकसाहेब म्हणतायत पाच घाला. लोकांना नऊ लाख बघायला आवडतं. नव्वद हजाराला कोण तिकीट काढून येणार?"

"साहेबांना म्हणावं, नऊ लाखांना पाणी पाजून दाखवा! कोणी ब्रशला हात लावू नका. मी येतोय. इथलं पाच मिनिटांचं काम आहे."

हे शेवटचं वाक्य बायकोने ऐकलं. "तुम्ही जा ना," ती म्हणाली. "मी येईन एकटी. त्यात काय एवढं."

सर खरोखर दोन पावलं दाराकडे गेले होते, एवढ्यात आत बोलावणं आलं. लाजेखातर ते मागे फिरले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बाहेर रोग्यांची रांग लागलेली होती, तरी त्या घाईने बोलत नव्हत्या. त्यांनी पोट दाबून बघितलं. "इथे दुखतं?" "थोडं." "इथे?" "थोडं." ताप बघितला, तो बेताचाच होता. मग त्या म्हणाल्या, "काकू, मला एक ते दहामध्ये सांगा. एक म्हणजे मुंगी चावली, दहा म्हणजे आता सहनच होत नाही. तुमचं किती?"

बायकोने थोडा विचार केला. गिऱ्हाईकाने शिलाई विचारली की ती करायची तसाच. "तीन धरा," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी तीन लिहिले. पित्ताच्या गोळ्या देते, म्हणाल्या, दोन दिवसांत बरं वाटलं नाही तर परत या. सरांनी सुटकेचा श्वास घेतला आणि खिशातल्या फोनला हात घातला. तीन. त्यालाही भागिले दहा करायला त्यांचं डोकं सरावाने निघालंच होतं.

आणि तेव्हा त्यांना तिचा हात दिसला. खाटेची लोखंडी पट्टी तिने अशी धरली होती की बोटांची पेरं पांढरीफटक पडली होती. चपलेतल्या पायाची बोटं आत वळली होती. चेहरा मात्र शांत, एखाद्या राजाने दगडावर कोरून घ्यावा असा.

आटलेल्या विहिरी बघा. सरांना आपलाच आवाज ऐकू आला. घरातल्या विहिरी तर कधीच्या आटल्या होत्या. मशीन कितीतरी दिवस बंद होतं. त्या शांततेत काम छान होतंय म्हणून ते उलट खूष होते! गणवेशांचा गठ्ठा टाचण्या लावलेला तसाच पडून होता. वरच्या फळीवरचा साखरेचा डबा खाली टेबलावर आला होता. ती रात्री खुर्चीत बसून झोपायची आणि म्हणायची, इथे वारा बरा लागतो. आणि जेवणाचं काय? तिचं ताट त्यांच्या आधीच धुतलेलं असायचं. ती जेवली होती कधी? दोन हजार वर्षांपूर्वीच्या चुलींची राख फुंकून बघणाऱ्या माणसाला स्वतःच्या स्वयंपाकघरातलं न उष्टावलेलं ताट दिसलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"डॉक्टर, ते तीन खोडा," सर म्हणाले.

"काय?"

"खोडा ते! हिचा आकडा असा वाचायचा नसतो. ही आपले मेलेले लपवणाऱ्यांतली आहे."

डॉक्टरीणबाईंचं पेन कागदावरच थांबलं. बायको शरमेने अर्धी झाली. "अहो, काय बोलताय हे! बाहेर लोक आहेत."

"असू देत लोक." सर पुढे सरसावले. वर्गात तासभर बोलणाऱ्या माणसाला नीट वाक्य जुळवता येईना. "मशीन बंद आहे हिचं. ही मशीनशिवाय राहत नाही, डॉक्टर. ताप असला तरी शिवते. ही जेवत नाही. झोपते ती बसून. डबा खाली ठेवलाय, हात वर जात नाही म्हणून. मला सगळं दिसत होतं हो, सगळं समोर होतं."

"मग तुमच्या मते आकडा किती?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. चेष्टेने नव्हे, पेन हातात धरून.

जगातल्या कुठल्याही फौजेचा आकडा झोपेतून उठवलं तरी सांगणाऱ्या सरांनी सवयीने चष्मा कपाळावर ढकलला. "मला माहीत नाही," ते म्हणाले. "मी कधी मोजलंच नाही."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या पुन्हा खाटेजवळ गेल्या. या वेळी त्यांनी तिला काही विचारलं नाही. पोटाच्या उजव्या बाजूला खाली हळूहळू दाबलं, आणि हात एकदम उचलला. बायकोच्या तोंडून नुसतं 'अं' एवढंच निघालं, पण डोळ्यांतून घळकन पाणी आलं. ते पाणी बघितल्यावर खोलीतली सगळी गतीच बदलली. सोनोग्राफी झाली, ढकलगाडी आली, कोणीतरी सरांपुढे कागद धरला आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. मोठे डॉक्टर आले, दोन वाक्यं बोलले आणि आत गेले. अपेंडिक्स. फुटलंय बहुतेक. मोठं दार मिटलं.

मग सर चालत राहिले. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, परत, पुन्हा. एका बाईंनी सरकून बाकावर जागा करून दिली, त्यांना ते दिसलंसुद्धा नाही. लग्नानंतर तिने किती वेळा 'जरा' म्हटलं असेल? बाळ पोटातच गेलं तेव्हा तिने 'जरा थकल्यासारखं वाटतंय' म्हटलं होतं आणि आठवड्याने मशीनवर बसली होती. तेही त्यांनी दहाने भागलं होतं. आठवलं तसे सर भिंतीला हात टेकून उभे राहिले. त्यांना रडू येत होतं आणि भर माणसांत कुठे रडावं ते कळत नव्हतं.

फोन वाजला. "सर, रंगाऱ्याचे पाय दुखायला लागलेत. साहेब हट्टाला पेटलेत. पाच शून्यं—"

"घाला पाच."

"काय? सर, तुम्हीच बोलताय ना?"

"पाच घाला, पन्नास घाला, भिंत भरेपर्यंत घाला! माझी बायको आत आहे." त्यांनी फोन बंद केला. त्या एका शून्यापायी सरांनी दोन मित्र गमावले होते आणि एका परिषदेतून तावातावाने उठून आले होते. आता ते सोडून दिल्यावर त्यांना काहीसुद्धा वाटलं नाही.

दार उघडलं तेव्हा दुपार कलली होती. मोठे डॉक्टर दमलेले दिसत होते. "फुटलंच होतं," ते म्हणाले. "सगळं साफ केलंय. आता धोका टळला असं म्हणायला हरकत नाही. पण गोळ्या घेऊन घरी गेल्या असत्या तर—" त्यांनी पुढचं नुसतं हाताने दाखवलं. त्या अर्ध्या वाक्याला सरांनी कशानेही भागलं नाही.

तिला खाटेवर आणलं, नळ्या लावल्या. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलली ते हे, "शाळेचा गठ्ठा द्यायचा राहिलाय."

"राहू दे. दुखतंय?"

"जरासं."

सर तसेच वळले आणि जवळजवळ पळतच परिचारिकेकडे गेले. "तिला फार दुखतंय. फार म्हणजे फार. लवकर चला." परिचारिकेने येऊन इंजेक्शन दिलं. बायकोच्या कपाळावरची आठी हळूहळू सैल झाली, तेव्हा कुठे तिथे आठी होती हे सरांना कळलं.

ती त्यांच्याकडे बघत होती. सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली, डोळे लाल, चष्मा कपाळावर तसाच.

"काही खाल्लंत का?"

"हो. थोडं."

"म्हणजे सकाळपासून पोटात कण नाही," ती म्हणाली. "घाबरला होतात?"

"छे. जरासा."

ती हसली. हसताना टाका ओढला गेला असणार, पण तिने तसं दाखवलं नाही. चादरीखालून तिचा हात बाहेर आला, चाचपडत त्यांच्या हातापर्यंत आला आणि तिने तो घट्ट धरला, मघाशी खाटेची पट्टी धरली होती तेवढाच. सरांना समजलं की त्यांचं प्रत्येक 'जरासं' ही बाई इतकी वर्षं न चुकता गुणून वाचत आली आहे.

"बसा आता," ती म्हणाली. "पाय दुखत असतील तुमचे."

"फार नाही गं," सर म्हणाले, आणि दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदा खाली बसले.