बरणीवरची गाडी

फ्यूजदादाची गाडी पाण्यावर चालते हे सगळ्या गल्लीला पटलं ते एका काट्यामुळे. पेट्रोलच्या काट्यामुळे. गाडी रोज पळत होती आणि काटा अर्ध्यावर ठाण मांडून बसला होता, हलायचं नाव नाही. लोक काचेला नाक लावून काटा बघायचे आणि जाताना दादाकडे असं बघायचे, जणू त्यानं समुद्रच विकत घेतलाय.

काटा का हलत नव्हता ते इथेच सांगून टाकलेलं बरं, उगाच ताणून धरण्यात अर्थ नाही. दादानंच त्याची तार काढली होती. किल्ली फिरवली की जिवंत होणारी एखादी तार त्याला बॉनेटखालच्या पाण्याच्या बरणीसाठी हवी होती. मीटरमागे हात घातला तर नेमकी पेट्रोलच्या काट्याची तार बोटांत आली. दादा स्वतःशीच हसला, आता हिचं काय काम म्हणाला, उपटली, बरणीकडे वळवली, आणि त्या आनंदात साफ विसरून गेला. त्या गाडीचा काटा वीज तुटली की खाली पडत नाही, असेल तिथेच थिजतो. हे दादाला ठाऊक नव्हतं असं नाही. गिऱ्हाइकांना त्यानं स्वतः ते कितीदा ऐकवलेलं. पण माणूस हरखला की सगळ्यात आधी त्याचं डोकं सुट्टीवर जातं.

दादाचं दुकान पुलाच्या उताराच्या तळाशी. गाड्यांचं वायरिंग करायचा. कसलीही तक्रार घेऊन जा, तो आधी फ्यूज काढून उजेडात धरायचा, म्हणून ते नाव. बरणीचं खूळ त्याच्या डोक्यात भरवलं ते मोबाइलवरच्या एका व्हिडिओनं. काळा चष्मा लावलेला एक गृहस्थ काचेच्या बरणीत स्टीलच्या पट्ट्या बुडवतो, पाण्यात चमचाभर सोडा टाकतो, वीज सोडतो, बुडबुडे येतात. हा हायड्रोजन, म्हणे, भरा इंजिनात आणि निघा फिरायला. तेलवाल्यांनी हे जगापासून दडपून ठेवलंय. स्वतः हा गृहस्थ कशावर चालणारी गाडी वापरतो ते मात्र कधी दाखवत नाही. कोणीतरी धरून त्याला त्याच बरणीतलं पाणी पाजायला हवं.

"आणि वीज कुठून आणणार?" बायकोनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"डायनॅमोतून."

"डायनॅमो कोण फिरवणार?"

"इंजिन."

"आणि इंजिन?"

"बरणी."

बायको मटार सोलत होती. हात थांबवून ती म्हणाली, "म्हणजे मी तुम्हाला उचलायचं, तुम्ही मला उचलायचं, आणि दोघांनी माडीवर पोचायचं."

"तुला यातलं काही कळत नाही."

"नाहीच कळत. म्हणून तर विचारतेय."

पण काटा हलेना तशी तीही गप्प झाली. सासूबाईंचं तर विचारूच नका. लग्नापासून जावयाचा उल्लेख त्यांनी 'तो तारा जोडणारा' असाच केला होता. आता त्या 'जावईबापू, चहात साखर पुरे ना' असं विचारायला लागल्या. पेट्रोलची नळी दादानं तोडली नव्हती. सुरुवातीला रेटा द्यायला थेंबभर लागतं, असं चष्मेवाला सांगायचा. त्या थेंबभर पेट्रोलवरच गाडी चालली होती, पूर्णपणे, इमानेइतबारे. बरणी शेजारी बसून नुसती बुडबुडत होती.

हे सगळं दादाच्या घरात राहिलं असतं तर हसून सोडून देता आलं असतं. पण दूधताई आली. तिची एक जुनी व्हॅन होती, पहाटे डेअरीतून दूध उचलायचं आणि उजाडायच्या आत घरोघर पोचवायचं. घरात कमावणारी ती एकटी. व्हॅन थांबली की घर थांबलं. आणि व्हॅन पेट्रोल अशी प्यायची की ताईला तिचा रागच यायचा.

"दादा, टाकीच उतरवा," ती म्हणाली. "बरणी बसवा. टाकीच्या जागी मी आणखी कॅन ठेवीन."

"टाकी कायमची?"

"तुमची चालते ना?"

"चालते की."

"मग कायमची."

रविवारी व्हॅन दुकानात जॅकवर चढली, टाकीचे दोन बोल्ट दादानं सोडलेही. टाकी न्यायला भंगारवाला हातगाडी घेऊन सकाळपासूनच हजर. तिथल्या तिथे कापून नेणार होता. गल्ली तर जमलीच होती, गल्लीला निमित्तच हवं असतं. दादाच्या अंगात वारं भरलं. म्हणाला, "आधी पुलावरून एक चक्कर मारून येतो. आलो की टाकी खाली." बायको पुढे बसली, सासूबाई मागे, मांडीवर पाण्याची कळशी. वाटेत जावयाच्या गाडीला तहान लागली तर?

पूल चढून पलीकडे गेले, चौकात वळले, परत निघाले. दादा गात होता. चाल एकीकडे आणि दादा दुसरीकडे, पण बायको टाळ्या वाजवत होती. पुलाचा माथा हातभर राहिला आणि गाडी खोकली. पुन्हा खोकली. मग अंग टाकून उभी राहिली.

"पाणी संपलं," दादा म्हणाला.

सासूबाई लगबगीनं उतरल्या. बॉनेट उघडलं, कळशी वाकवली. बरणी भरली, ओसंडली, पाणी उतारावरून मागे वाहत गेलं. बुडबुडे काय झकास येत होते. बॅटरी आपलं काम करत होती. इंजिन मात्र ढिम्म.

मागे बस येऊन थांबली. हॉर्न वाजला, मग बंद झाला. दादानं आरशात बघितलं आणि मान खाली घातली. ती बस डेपोतली, खरोखरच्या हायड्रोजनवर चालणारी, आणि ती चालवणारी होती दादाची लेक. बरणीवरून बापलेकीचं इतकं वाजलं होतं की जेवताना मीठसुद्धा ते आईमार्फत मागत.

लेक खाली उतरली. "काय झालं, बाबा?"

"पाणी संपलं."

"बरणी तर पायांवरून वाहतेय आजीच्या."

तिनं दादाला दंडाला धरलं आणि बसच्या मागे नेलं. खालच्या नळीतून थेंब थेंब ठिबकत होतं. "हे काय आहे?"

"पाणी."

"हायड्रोजन वापरून झाला की हे उरतं. राख आहे ही, बाबा. माझी बस जी राख मागे टाकत चाललीय, ती तू पुढून ओततोयस."

"मग तुझी बस चालते ती कशी?"

"मला टाकी भरून मिळते. वीज जाळून पाण्यातून हायड्रोजन काढतात, दाबून भरतात, आणि दरेक ठिकाणी थोडी वीज हवेत जाते. गावाला पंप एक, तोही रुसून बसला की आम्ही डेपोत पत्ते खेळतो. दिवसभर पळणाऱ्या बसला जमेलही हे. घरच्या गाडीला कशाला एवढी यातायात? तीच वीज सरळ बॅटरीत भर."

"अगं, पण काटा," दादा म्हणाला. "पेट्रोलचा. तो हललाच नाही ना. त्याला तर मी…"

त्याच्या बोटांना आठवलं. गाडीकडे परत आला, मीटरमागे हात घातला, काट्याची तार बरणीच्या जोडातून सोडवून जागच्या जागी टेकवली. काटा थरथरला आणि सरळ तळाला जाऊन पडला.

"अहो," बायको म्हणाली, "असे पांढरे का पडलात?"

दादानं तिच्या कानात दोन वाक्यांत सांगितलं. मग तिच्या खांद्यापासून हसू सुरू झालं, पोटात उतरलं, आणि ती डॅशबोर्डवर डोकं ठेवून हसायला लागली. लेकीनं आत वाकून काटा बघितला आणि तीही हसत सुटली. बापाचा राग धरून ठेवायला ती आली होती, जमेना.

"आणखी ओतू का?" सासूबाईंनी बाहेरून विचारलं. त्यावर तर बायकोला उचकी लागली.

बसमधली माणसं वैतागून उतरली होती. "ढकला हो, आम्हाला जायचंय," असं म्हणत सगळी गाडीला भिडली. टाय लावलेला एक साहेब, भाजीच्या पिशवीसकट एक काकू, कोणी कोणी. सासूबाईंना आत कोंबलं. गाडी माथ्यावरून पलीकडे कलली आणि सुटली.

उतारावर गाडी वाऱ्यासारखी निघाली. इंजिन बंद, आवाज नाही, धूर नाही, नुसती चाकं आणि बायकोचं हसणं. सासूबाई खिडकीतून हात हलवत होत्या. खाली गल्लीनं बघितलं आणि एकच कल्ला झाला. इतकी शांत गाडी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. भंगारवाल्यानं शिट्टी मारली. गाडी दुकानासमोर येऊन थांबते न थांबते तोच दार उघडून लोकांनी दादाला बाहेर ओढलं आणि खांद्यावर घेतलं.

"बघितलंत?" कोणीतरी म्हणालं. "आवाजसुद्धा नाही."

"मला पटलं," दूधताई म्हणाली, पाना उचलला आणि व्हॅनखाली सरकली. एक बोल्ट किरकिरला. मग दुसरा.

दादा वर हिंदकळत होता. असं कौतुक त्याच्या वाट्याला कधी आलं नव्हतं, आणि पुन्हा येणारही नव्हतं, हे त्याला वरूनच दिसत होतं. गप्प बसला असता तर निदान संध्याकाळपर्यंत तो राजा होता. बायको गाडीला टेकून उभी होती. तिचं हसू थांबलं होतं. तिनं फक्त व्हॅनकडे बघितलं.

"मला खाली ठेवा," दादा म्हणाला. कोणी ऐकेना. तिसरा बोल्ट किरकिरला. तेव्हा तो खांद्यावरूनच ओरडला, "ताई, पाना टाक. माझी गाडी पेट्रोलवरच चालत होती. पेट्रोल संपलं म्हणून पुलावर बंद पडली. बसवाल्यांनी ढकललीय."

"आणि काटा?" खालून एकानं विचारलं.

"काट्याची तार मीच काढली होती. विसरलो."

ज्यांच्या खांद्यावर तो होता त्यांना त्याचं वजन आता जाणवायला लागलं. त्यांनी त्याला हळूच खाली ठेवलं. मग मागून कोणीतरी फसकन हसलं आणि सगळी गल्ली फुटली. हसणाऱ्यांत सगळ्यात मोठ्यानं हसत होते ते काचेला सगळ्यात जास्त वेळ नाक लावणारे.

"हसता काय?" सासूबाई कळशी आपटून म्हणाल्या. "एकानं तरी टाकीत काडी बुडवून बघितली का? सगळे काटाच बघत बसलात. माझा जावई निदान आपल्या तोंडानं बोलला."

दूधताई व्हॅनखालून बाहेर आली. गालाला ग्रीस. ती हसत नव्हती.

"म्हणजे उद्या पहाटे मी दुधासकट रस्त्यात उभी राहिले असते."

"हो."

"आणि टाकी याच्या हातगाडीवर, कापलेली."

"हो, ताई."

तिनं भंगारवाल्याकडे बघितलं. तो हातगाडी वळवून निघाला. तिनं पाना दादाच्या हातात दिला, दिला म्हणजे हातावर आपटला. "सगळे बोल्ट परत आवळा. मी सोडलेले, तुम्ही सोडलेले, सगळे."

दादा व्हॅनखाली गेला. बाहेर बायको लेकीला सासूबाईंचं 'आणखी ओतू का' करून दाखवत होती. पुलाखालच्या शेवटच्या थांब्यावर माणसं उतरवून लेक आली होती. ते ऐकून दादाला आधी नाकातून, मग सगळ्या अंगातून हसू फुटलं. जॅकवरची व्हॅन हलायला लागली.

दूधताई खाली वाकली. आता तिच्याही ओठांचा कोपरा वळला होता, पण आवाज कडकच.

"हसा, दादा. पण आवळताना हसू नका. पहाटे निघायचंय मला."