कुडातल्या गोळ्या

मंगळवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी आशा सेविका रुपालीला लखमाच्या घराच्या कुडात खुपसलेल्या क्षयाच्या गोळ्या सापडल्या. आठवड्याचं एक, अशी सहा पाकिटं. पहिल्यातल्या पाच दिवसांच्या गोळ्या तेवढ्या संपल्या होत्या. उपचाराच्या कार्डावर मात्र गोळ्या घेतल्याच्या एक्केचाळीस खुणा होत्या. त्या रुपालीनेच केल्या होत्या, रोज दारातूनच लखमाच्या सुनेला, चिमीला, विचारून.

खर्डीहून या पाड्यावर ती तीन किलोमीटर चढून येते. राग आलाच. पण गेल्या वर्षी याच पाड्यातल्या धाऊवर ती ओरडली होती. धाऊ उपचार सोडून मुरबाडकडे वीटभट्टीवर गेला आणि तिकडेच वारला.

ती लखमासमोर खाली बसली.

"बाबा, पाच दिवसांच्या संपल्यात, त्या कोंबड्यांना नाय ना घातल्या?"

"कोंबड्या कशाला मारू? वरड आता. वरडायलाच बसलीस ना, बाय?"

"नाय. पाच दिवस खाल्ल्या ना तुमी? मंग सहाव्या दिवशी काय झालं, तेवढं सांगा."

लखमाने दाराकडे पाहिलं. तिथे चिमी उभी होती. रुपालीने तिला पाणी आणायला आत पाठवलं.

"मुतातून रगत जाय," तो हळू आवाजात म्हणाला. "लालेलाल. म्हटलं, आतून फाटलो. गोळी सोडली तं थांबलं. घरात बोलायची गोष्ट नाय ती."

"रगत नाय बाबा, गोळीचा रंग तो. तुमी शेतावर होता, म्हणून मी चिमीला सांगून ठेवलं होतं."

"मी कसं सांगू, ताई?" आतून चिमी म्हणाली. "सासरा हाय माझा."

स्वतःच्या सासऱ्यांपुढे रुपालीनेही असला शब्द कधी काढला नव्हता.

तिने छत्तीस खुणा एकेक करून खोडल्या आणि डॉक्टरांना फोनवर सगळं सांगितलं, खोट्या खुणांसकट. मध्येच सोडलेलं औषध आता लागू पडेलच असं नाही, आधी बेडका तपासावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

बुधवारी बेडका शहापूरला गेला. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत अहवाल आलेला नव्हता. लखमाचं वजन त्या दिवशी अडतीस किलो भरलं. उपचार सुरू झाले तेव्हा ते एक्केचाळीस होतं.