परीक्षेचा पेशंट

“नेमकं कुठं दुखतंय?”

“इथं.” त्याने छातीवर तळहात ठेवला. बोट नाही, तळहात. बोटाने जागा दाखवणाऱ्याचं दुखणं सहसा हृदयाचं नसतं, हे त्याला इथे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. “कुणीतरी वर बसल्यासारखं वाटतंय. डावा हातही भरून आलाय. डॉक्टर, मी मरणार नाही ना?”

समोरची मुलगी अजून डॉक्टर झालेली नव्हती. तिचा स्टेथोस्कोप नवा होता आणि ती तो गळ्यात सारखा सावरत होती. कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या प्राध्यापिकाबाई तिच्या प्रत्येक प्रश्नावर कागदावर खूण करत होत्या. ‘मरणार नाही ना’ हे वाक्य त्याने स्वतःच्या पदरचं घातलं होतं. बाईंना ते आवडलं, म्हणून राहिलं.

हे त्याचं काम होतं. मेडिकल कॉलेजच्या परीक्षेला खरे पेशंट पुरत नाहीत, आणि पुरले तरी ते प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळंच काही सांगतात. म्हणून एका जुन्या वॉर्डात पडदे लावून खाटा मांडायच्या, प्रत्येक खाटेवर एक नट निजवायचा आणि घंटा झाली की विद्यार्थ्यांनी पुढच्या खाटेकडे सरकायचं. नटाने मात्र तेच दुखणं पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. घाम दिसावा म्हणून कपाळावर पाण्याचा फवारा मारत. अंगात दवाखान्याचा फिकट हिरवा झगा. त्याच्या झग्याचे पाठीवरचे बंद कधीच तुटून गेले होते. कुशीवर वळलं की पाठ कमरेपर्यंत उघडी पडे.

घरी तो सांगे, “तालमीला चाललोय.”

घरी म्हणजे वडिलांना. आई गेल्यापासून दोघंच होते. वडील शिंपी. शाळेच्या नाटकात तो राजा झाला तेव्हा त्यांनी गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारून उरल्यासुरल्या मखमलीचा अंगरखा शिवला होता, आणि तेव्हापासून ते त्याला ‘राजे’च म्हणत. रागावले तरी राजेच. “राजे, उठा, बादली भरा, पाणी जाईल आता.” अभिनय शिकायला जातो म्हणाला तेव्हा नातेवाइकांनी बापालाच वेड्यात काढलं. वडील मशीन न थांबवता म्हणाले, “मी तरी वेगळं काय करतो? माणूस आहे त्यापेक्षा बरा दिसावा, एवढंच बघतो.”

नाट्यशाळेतली वर्षं हाडं खिळखिळी करणारी होती. पहाटे व्यायाम, मग आवाज, मग घसा बसेपर्यंत एकच वाक्य. तिथले मास्तर कौतुक करत नसत. “तुझ्या चेहऱ्यावर काही घडतच नाही रे. त्यापेक्षा भिंत बरी, तिला निदान भेगा तरी पडतात,” असं ते सगळ्यांसमोर म्हणाले होते. वर्ग हसला. तोही हसला. मग एका प्रयोगात चौथऱ्यावरून पडून त्याचं मनगट मोडलं, आणि प्रवेश संपेपर्यंत तो त्याच हातात तलवार धरून बोलत राहिला. प्रेक्षकांना काही कळलं नाही. त्या दिवशी मास्तरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “छप्पर कोसळलं तरी भूमिका सोडायची नाही. हा शिकला.”

तेवढं एक कौतुक घेऊन तो बाहेर पडला. पुढे तो भालदार झाला, प्रेत झाला, एका मालिकेत दार उघडून “साहेब घरी नाहीत” म्हणाला. त्याला ते दार उघडताना बघायला वडिलांनी गिऱ्हाइकांना दुकानात थांबवून घेतलं होतं. निवडीला गेलं की टेबलामागचा माणूस म्हणे, “चेहरा फार ओळखीचा वाटतोय, असा नको.” दुसऱ्या ठिकाणी म्हणत, “चेहरा लक्षात राहत नाही.” हळूहळू बोलावणीच थांबली. एका जुन्या सोबत्याने हे काम सुचवलं तेव्हा तो लगेच हो म्हणाला, आणि कुणाला काही बोलला नाही.

इकडे वडिलांचा मोतीबिंदू वाढत होता. सुईत दोरा ओवायला ते शेजारच्या मुलीला हाक मारू लागले होते. “नेतो तुम्हाला याच आठवड्यात,” असं तो म्हणे. पण मोठा दवाखाना एकच, याच कॉलेजचा, आणि तिथले रखवालदारही त्याला ‘काय छातीवाले, आज कसं काय?’ म्हणून हसत. दर आठवड्याला नवी तालीम निघे.

आज वडील त्याची वाट न बघता एकटेच निघाले होते, हे त्याला ठाऊक नव्हतं.

“दम लागतोय का?” मुलगी विचारत होती, तेवढ्यात पडदा सरकला आणि चाचपडत एक म्हातारा आत आला. काखेत पिशवी. सदऱ्याच्या खिशाला टोचून ठेवलेल्या दोन सुया.

“बाई, ते डोळ्यांचे डॉक्टर...” वडील म्हणाले, आणि आधाराला म्हणून त्यांनी खाटेचा दांडा धरला. मग ते वाकले. हातभर अंतरावरचं त्यांना अजून दिसत होतं.

“राजे?”

त्याने डोळे मिटले.

“राजे, काय झालं तुम्हाला? अहो... बाळा, काय होतंय? छातीत दुखतंय?” वडिलांचा हात त्याच्या कपाळावर आला. कपाळ ओलं होतं.

कोपऱ्यात बाईंचं पेन थांबलं. मुलगी एकदा म्हाताऱ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. एक वाक्य पुरेसं होतं. बाबा, मला काही झालेलं नाही, हे माझं काम आहे. वाक्य घशापर्यंत आलंही. पण त्याच्या शेवटी ‘हे माझं काम आहे’ होतं, आणि अंगात तो झगा होता.

“कोण आहेत हे?” तो धापा टाकत म्हणाला. “मी नाही ओळखत. डॉक्टर, यांना बाहेर न्या ना. मला भीती वाटतेय.”

आवाज उत्तम लागला होता. हे त्याला त्याही क्षणी कळलं.

कपाळावरचा हात उचलला गेला. वडील थोडे मागे सरले, मोठ्या गिऱ्हाइकाचं माप चुकल्यावर सरत तसे. “माफ करा हं, साहेब. नीट दिसत नाही मला. माझा मुलगा वाटला.” मग मुलीकडे वळून म्हणाले, “तुम्ही त्यांच्याकडे बघा. मी जातो.”

“थांबा आजोबा.” मुलीने त्यांचा दंड धरला. “डोळ्यांचा विभाग खालच्या मजल्यावर आहे. चला, जिन्यापर्यंत सोडते. कठडा धरूनच उतरा हं.”

त्याने भिंतीकडे तोंड केलं. पाठीला वारा लागला तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, की पाठ दाराच्या बाजूला आहे. पडद्यापाशी पावलं जराशी थांबली. मग गेली.

परीक्षा संपल्यावर बाई स्वतः त्याच्या खाटेपाशी आल्या. “काय सांभाळून घेतलंत हो तुम्ही! दुसरा असता तर हसूनच दिलं असतं. पुढच्या वेळी असा एखादा गोंधळलेला नातेवाईक आपणच ठेवू या का? तुमच्या ओळखीत कुणी वयस्कर नट असेल तर बघा.”

“बघतो,” तो म्हणाला.

“ती मुलगी मात्र घसरली. छातीत दुखणारा माणूस टाकून म्हाताऱ्याला जिन्यापर्यंत पोचवायला गेली. खऱ्या वॉर्डात तेवढ्यात पेशंट जातो. नापास करावं लागेल.” त्यांनी पेनचं टोपण काढलं. “पेशंटचंही मत विचारावं लागतं. काय वाटलं तुम्हाला? ही डॉक्टर पुन्हा चालेल?”

पडद्यापलीकडे ती मुलगी भिंतीला टेकून उभी होती. तिचं नाक लाल झालं होतं.

“चालेल,” तो म्हणाला. “मीच तिला म्हणालो होतो, यांना बाहेर न्या म्हणून.”

“ते पेशंट म्हणाला. तुम्ही नाही.” बाई हसल्या.

तो बंद नसलेला झगा मागून मुठीत धरून उभा होता. “हो,” तो म्हणाला. “पेशंटच म्हणाला.”

बाईंनी खूण केली आणि कागद उलटला.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा वडील मशीनवर, दिव्याला जवळजवळ चिकटून, काहीतरी शिवत होते.

“झाली तालीम?”

“झाली.”

“मी डोळे दाखवून आलो आज. ऑपरेशन करू म्हणाले.”

“मी नेणारच होतो, बाबा.”

“हो ना. पण तुझी तालीम असते.”

‘तुझी.’ तो चप्पल काढता काढता थांबला. वडिलांनी पायाने मशीन पुन्हा चालवलं.

“वर एक पेशंट होता,” ते म्हणाले. “चुकून त्याच्या खाटेपाशी गेलो. फार दुखत होतं बिचाऱ्याला.”

“मग?”

“मग काय. मला ओळखत नव्हता तो.” त्यांनी दाताने दोरा तोडला. “त्याच्या झग्याला बंदच नव्हते रे. सगळी पाठ उघडी. माणूस आजारी असला म्हणून काय असं निजवायचं?”

त्यांनी हातातलं टेबलावर ठेवलं. फिकट हिरव्या कापडाचे तीन बंद, टोकं आत दुमडून पक्के केलेले. त्यांतल्या एकाची शिवण वाकडी गेली होती. वडिलांच्या हातची वाकडी शिवण त्याने आजवर पाहिली नव्हती.

“रंग अंदाजाने घेतलाय. दुहेरी शिवलेत, तुटायचे नाहीत. तुझं त्या बाजूला कधी जाणं झालं तर दे त्याला.”

“बाबा, तो पेशंट...”

“चौथा राहिलाय अजून.” वडिलांनी खिशातली एक सुई काढून त्याच्यापुढे धरली. “हा हातानेच शिवतो. तेवढा दोरा ओवून दे मला.”

तो सुई घेऊन दिव्याखाली बसला. दोरा ओला केला, वळला, पुढे नेला. चुकला. पुन्हा नेला. वडील तळहात पुढे करून, त्याच्याकडे न बघता, थांबून राहिले.