पाखरांचे दळण

मित्रांनो, मी एक जुने लाकडी झाकण आहे. १९३१ साली चिनी मातीच्या बशांच्या पेटीवर बसून मी मुंबईहून खंडाळ्याच्या एका बंगल्यात आले. घाटात इतके हिसके बसले की निम्म्या बशा वाटेतच फुटल्या. मालकीणबाईंनी ते तुकडे आणि मला उकिरड्यावर टाकायला सांगितले.

ते काम भांडी घासणाऱ्या झुंबरबाईकडे आले, हे माझे भाग्य! तिने आम्हाला घरी नेले. चित्रे काढायला तिला कोणी शिकवले नव्हते. गेरू, हळद, नीळ तिच्या घरचीच. लोणावळ्यात रेल्वेच्या वाघिणींवर, म्हणजे मालडब्यांवर, नंबर रंगवणारे नसीरभाई तिला उरलासुरला लाल-हिरवा रंग देत. सुताराकडच्या सरसाने तिने माझ्यावर बशांचे तुकडे, फुटक्या बांगड्या, मोरपिसे चिकटवली. दोन वर्षे ती खपत होती. अखेर माझ्यावर एक भलेमोठे जाते उभे राहिले. त्यात डोंगर भरडले जात होते आणि पिठाऐवजी रंगीबेरंगी पाखरे उडत होती.

ही गोष्ट बंगल्याच्या मालकांच्या कानी गेली. ते स्वतः पाहायला आले आणि मला पुण्याच्या प्रदर्शनात पाठवतो म्हणाले. नाव मात्र बंगल्याचे लागणार होते. भांडीवालीला कोण ओळखतो, असे त्यांचे म्हणणे.

झुंबरबाई शांतपणे म्हणाली, "माजं नाव घालनार असाल तर न्या. न्हाई तर ऱ्हाऊ द्या हितंच."

दुसऱ्या दिवशी तिचे काम गेले.

तिला अक्षरओळख नव्हती. नसीरभाईंनी अंगणात कोळशाने तिचे नाव लिहून दिले. ते पाहून पाहून तिने निळ्या तुकड्यांनी ते माझ्यावर जडवले. 'झुं' तीनदा चुकला, तीनदा उखडला. मग दोघे मला गाडीत घालून पुण्याला घेऊन गेले.

परीक्षकांनी विचारले, "बाई, याचा अर्थ काय?"

"जल्मभर दळलं, पर दळण काय सरंना. मंग म्या पाखरंच दळली."

पहिला मान मला मिळाला, आणि भर सभेत झुंबरबाईचे नाव पुकारले गेले. गर्दीत आमचे मालकही होते. शेजाऱ्याला अभिमानाने सांगत होते, "आमच्या खंडाळ्याच्या आहेत त्या."

आता मी खंडाळ्याच्या शाळेच्या भिंतीवर आहे. मित्रांनो, माझा एखादा तुकडा गळला तर टाकू नका, सरस लावून बसवा. आणि लहान मुलांना माझ्यासमोर उभे करून ती पाच निळी अक्षरे मोठ्याने वाचायला लावा.