माझ्या अंगावरचे तीन चरे

मी एक जुनी रिव्हॉल्व्हर आहे. दचकू नका मित्रांनो, माझ्या पोटात आत्ता एकही गोळी नाही. गोळ्या कपाटाच्या वरच्या खणात असतात, मी खालच्या खणात असते आणि दोन्ही खणांच्या किल्ल्या भिमाजींच्या करदोट्याला असतात. तरीही आधीच सांगून ठेवते, माझ्यासारखी कुणी कुठे दिसली तर तिला हात लावायचा नाही. रिकामी असली तरी नाही. मोठ्या माणसाला हाक मारायची. आता निवांत बसा आणि ऐका.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्याबरोबरच्या बऱ्याच जणी काळ्या होत्या, मी मात्र स्टेनलेस स्टीलची, पांढरीशुभ्र. त्याचा मला थोडा गर्व होता, खोटे कशाला बोलू? तिथल्या कारागिराने माझ्या उजव्या अंगावर, चापाच्या जरा वर, पाच इंग्रजी अंक ठोकले. सात, शून्य, चार, सहा, दोन. तुम्हाला नाव असते, तसा मला हा नंबर. मालकाच्या परवान्यावरही हाच नंबर लिहिलेला असतो. दोन्ही जुळले तर सगळे ठीक. न जुळले तर मालकावर खटला उभा राहू शकतो.

माझे मालक भिमाजी. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते अवसरी खुर्दला आपल्या घरी आले आणि मंचरच्या एका पतसंस्थेत रखवालदार म्हणून लागले. जवळ परवान्याचे हत्यार आहे, म्हणूनच ही नोकरी त्यांना मिळाली. गेली नऊ वर्षे मी रोज त्यांच्या कमरेला बांधून मंचरला जाते. या नऊ वर्षांत माझ्यातून कोणावरही गोळी सुटलेली नाही. चांगल्या रिव्हॉल्व्हरचे आयुष्य असेच असावे, असे मला वाटते. नुसते दिसायचे आणि तेवढ्यावरच भागवायचे.

पण नऊ वर्षे कातडी पाकिटात राहून आणि माणसाच्या घामाचा हात लागून स्टेनलेसलाही डाग पडतात बरे! माझ्या अंगावर पिवळट ठिपके आले. कळा गेली. भिमाजी महिन्यातून एकदा तेलाचा बोळा फिरवत, पण तेलाने डाग जात नाहीत, फक्त ते ओले दिसतात.

गेल्या खंडेनवमीची गोष्ट. त्या दिवशी घरातली सगळी हत्यारे आणि अवजारे धुऊन पुसून पूजेला मांडतात. भिमाजींच्या पत्नी धोंडाबाई यांनी विळे, कोयते, पहार सगळे घासून लख्ख केले होते. ट्रॅक्टरला झेंडूची माळ होती. या सगळ्यांत मीच तेवढी मळकी. भिमाजींच्या मनाला ते लागले. त्यांचा मुलगा सुदर्शन रस्त्याला लागून फॅब्रिकेशनचे दुकान चालवतो. बंगल्यांच्या जिन्यांना स्टीलचे कठडे बसवून देतो. तो म्हणाला, "आबा, द्या हिकडं. पाच मिनटात कठड्यागत चमकवतो."

भिमाजींचा एक नियम होता. परवाना त्यांच्या नावावर, म्हणून मला त्यांच्याशिवाय कोणाचा हात लागायचा नाही. तो नियम त्यांनी त्या दिवशी मोडला. सणाचा उत्साह, दुसरे काय! सुदर्शनने मला बफिंगच्या फिरत्या चाकावर धरले. मित्रांनो, त्या पाच मिनिटांबद्दल मी फार बोलणार नाही. अंग भाजून निघाले.

पाटावर मांडल्यावर मात्र मी दुरून झळझळत होते. शेजारपाजारचे म्हणाले, "लई भारी, राव!" सुदर्शनची छाती फुगली. मीही फुगले होते, कबूल करते.

हळदकुंकू वाहायला सून पुढे आली. तिचे नाव वृषाली. ती चाकणजवळच्या एका कारखान्यात साच्यांना हाताने पॉलिश करते. प्लॅस्टिकचे डबे ज्या पोलादी साच्यांतून निघतात, ते साचे आरशासारखे गुळगुळीत लागतात. साच्यावर एक चरा राहिला, तर तो लाखभर डब्यांवर उमटतो. सहा वर्षे हेच काम करून तिचा डोळा असा तयार झाला होता की तिला लांबून कौतुक करताच येत नसे. ती वाकली, कुंकवाची चिमूट हातातच राहिली आणि हळूच म्हणाली, "मामंजी, नंबर दिसंना."

"सणासुदीचं काय बोलती गं?" धोंडाबाई म्हणाल्या.

भिमाजींनी चष्मा लावला. चाकाने माझ्या अंगावर आडवेतिडवे बारीक चरे ओढले होते आणि नंबर त्या जाळ्यात बुडाला होता. सात दिसत होता, शून्य आणि चार अंदाजाने कळत होते. चौथा अंक तर कोणीही काहीही म्हणावे असा. दसऱ्यानंतर पंधराव्या दिवशी परवान्याच्या नूतनीकरणासाठी मला पोलीस ठाण्यात दाखवायचे होते. भिमाजी तिथेच ओट्यावर बसले.

सुदर्शनचा चेहरा पडला. "आबा, माझ्याकडं नंबर ठोकायचे पंच हायेत. परत ठोकू का?"

"गप!" भिमाजी ओरडले. "त्यो गुन्हा हाय. एक चूक केली ती बास झाली. नोकरी गेली तर जाऊ दे, पर खोटा नंबर घिऊन मी ठाण्यात न्हाई जायचो."

नोकरी जाणार हे सगळ्यांना दिसत होते. भिमाजींना मात्र नोकरीपेक्षा दुसरेच टोचत होते. फौजेत वीस वर्षे हत्यार सांभाळले आणि निवृत्तीनंतर घरच्या अंगणात त्याचा नंबर घालवला, हे ते कोणाला सांगणार होते?

तेव्हा वृषालीच बोलली. "नंबर गेला न्हाई, मामंजी. चऱ्यांत हरवलाय. चरे हातानं उतरवलं तर दिसंल. पर चरे उतरवताना नंबर बी थोडा थोडा उतरणार. लई जपून करावं लागंल."

"मग कर की."

"मी कशी करू? तुमीच म्हनता, तुमच्याबिगर कुनाचा हात लागायचा न्हाई."

नियम मोडून काय होते ते भिमाजींनी नुकतेच पाहिले होते.

"हात तुमचा," वृषाली म्हणाली. "डोळा माझा. मी सांगते तसं घासा."

मित्रांनो, त्या घरात लग्न होऊन आल्यापासून वृषाली सासऱ्यांशी जेवायला वाढू का, एवढेच बोलत आली होती. आता ती त्यांना शिकवणार होती.

दुसऱ्या दिवसापासून शाळा भरली. वृषाली कंपनीच्या बसने पाचला घरी यायची, हातपाय धुऊन पडवीत बसायची. तिथे मावळतीचे ऊन तिरके येते आणि तिरक्या उजेडात चरा लपू शकत नाही. भिमाजी माझे सिलिंडर उघडून सहाही घरे रिकामी असल्याचे तिला दाखवायचे, मगच हातात पॉलिश पेपर घ्यायचे. पेपर सपाट लाकडी पट्टीला गुंडाळलेला, वर दोन थेंब तेल. आधी चारशे नंबरचा खरखरीत, मग एकाहून एक बारीक, सहाशे, आठशे, बाराशे, दोन हजार. एका पेपरने उभे घासायचे, पुढच्याने आडवे. आधीच्या सगळ्या उभ्या रेघा गेल्याशिवाय पुढे सरकायचे नाही. आणि दर वेळी मला धुऊन पुसून घ्यायचे, नाहीतर जाड पेपरचा एखादा कण मागे राहतो आणि सगळ्या कामाची वाट लावतो.

पहिल्या दिवशी भिमाजींनी मला असे रगडले की बस्स!

"मामंजी, परेडचा बूट न्हाई त्यो," वृषाली म्हणाली. "दाबू नका. पट्टीचं वजन पुरं हाय."

धोंडाबाई आतून ऐकत होत्या. "सासऱ्याला कामाला लावलं बया हिनं," असे त्या शेजारच्या ठकूबाईंना म्हणाल्या. पण तिसऱ्या दिवशी चहा घेऊन स्वतःच पडवीत आल्या, त्यात सुनेचाही कप होता, आणि जाताना माझ्याकडे निरखून पाहून गेल्या.

पाचव्या दिवशी भिमाजींनी हजार वेळा पुसून मला तिच्यापुढे धरले. नळी छान दिसत होती. वृषालीने मान एकदा इकडे, एकदा तिकडे केली. "खालच्या अंगाला चारशेची एक रेघ ऱ्हायलीय. परत चारशेपासनं."

"अगं, पन कुनाला दिसतीय?"

"मला दिसतीय की."

भिमाजींनी एक सुस्कारा टाकला आणि परत चारशे नंबरचा पेपर उचलला. सुदर्शन दारात उभा होता. चाकाने पाच मिनिटांत केलेले हाताने निस्तरायला किती दिवस लागतात, हे तो रोज बघत होता. त्या संध्याकाळी त्याने वडिलांसाठी लाकडाची नवी पट्टी रंधून आणली, अगदी सरळ कडांची.

मी स्वतः त्या दिवसांत काय अनुभवले ते सांगते. कारखान्यात मला यंत्रांनी चमकवले होते. ती चमक मला फुकट मिळाली होती. आता मात्र माझ्या अंगाचा नखाएवढा भागही असा नव्हता, ज्याच्याकडे कोणीतरी जीव लावून पाहिले नव्हते. वृषाली मला कधीच शिवली नाही. तरी तिच्या डोळ्यांचा स्पर्श मला भिमाजींच्या बोटांतून कळायचा. एवढी गुणी कारागीर मी दुसरी पाहिलेली नाही.

शेवटी नंबरचा भाग आला. तिथे पेपर वर्ज्य. वृषालीने बांबूची काडी तासून तिच्या टोकाला कंपनीत वापरतात तशी डायमंड पेस्ट, म्हणजे हिऱ्याच्या भुकटीचा लेप, लावायला सांगितली. ती मुगाच्या दाण्याएवढीच. काडी एकदा फिरवायची, पुसायचे, तिने भिंगातून बघायचे. परत एकदा फिरवायची. सात उघडा झाला. शून्य आला. चार, मग शेवटचा दोन. सहाच तेवढा रुसून बसला होता. अकराव्या दिवशी तोही वर आला, पण फिका. त्याच्या पोटाला लागून तीन चरे होते. बाकी मी अशी झाले होते की भिमाजींना माझ्यात स्वतःच्या मिशीचे केस मोजता आले असते.

भिमाजींनी काडीला पेस्ट लावली.

"थांबा," वृषाली म्हणाली.

"तीनच चरे ऱ्हायलेत गं. एक हात मारतो, की झालं आरशावानी."

"झालं. आता हात लावायचा न्हाई."

"एवढं सगळं केलं आन् हितंच डाग ठिवायचा? लोक काय म्हनतील?"

आता भिमाजींनाही त्या चमकेची चटक लागली होती, मित्रांनो. काडी माझ्या अंगापासून केसभर वर होती. त्या तीन चऱ्यांचा मलाही राग येत होता. मनात म्हणत होते, फिरवा हो एकदा, मला पुरी होऊ द्या.

"मामंजी, थांबा म्हनले ना!"

आवाज मोठा होता. धोंडाबाईंच्या हातातले तांदूळ पाखडायचे सूप थबकले. त्या घरात भिमाजींना असे कोणी कधी बोलले नव्हते. वृषालीही घाबरली असावी, पण तिने नजर खाली घातली नाही. "सहाचं तोंड आत्ता उघडं दिसतंय," ती हळू म्हणाली. "अजून एक हात फिरला, तर त्यो सहा हाय का आठ, ते मला बी सांगता यायचं न्हाई."

भिमाजींनी काडी मोडली आणि टाकून दिली.

ठरलेल्या दिवशी आम्ही ठाण्यात गेलो. भिमाजींनी आधीच सगळे खरे सांगून टाकले. मुलाने मशीनवर धरले, माझी चूक झाली, नंबर पुसट झालाय, तुम्ही बघा आणि काय ते ठरवा. साहेबांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी मला हातात घेतले, मोबाइलची बॅटरी लावली आणि एकेक अंक वाचू लागले. "सात. शून्य. चार..." चौथ्यावर थांबले. उजेड या बाजूने टाकला, त्या बाजूने टाकला. भिमाजी सावधान उभे राहावे तसे उभे होते. मला तर वाटले, आता संपलेच.

"सहा," साहेब म्हणाले. "सहाच हाय. आन् दोन." त्यांनी रजिस्टर पाहिले आणि कागदावर सही केली. पुढे कधीही मशीनला लावायचे नाही, अशी तंबीही दिली. मग मला परत देताना त्यांचे कुतूहल जागे झाले. "काका, काय पॉलिश केलंय हो! नव्याला बी अशी चमक नसती. पर मग हे तीन चरे तेवढे का ठिवलं? कंटाळलात व्हय?"

तेव्हा भिमाजी, ज्यांनी फौजेतल्या साहेबांशिवाय कोणाची आज्ञा मानली नव्हती, चार पोलिसांसमोर म्हणाले, "न्हाई साहेब. सून म्हनली थांबा, म्हनून थांबलो. ती न्हाई म्हनली नसती, तर आज मी तुमच्याफुडं आरोपी असतो. हात माझा व्हता, काम तिचं हाय."

साहेब म्हणाले, "नशीबवान आहात."

"व्हय," भिमाजी म्हणाले.

घरी आलो. वृषाली दारातच उभी होती. तिने विचारले, "जुळला नंबर?"

"जुळला," भिमाजी म्हणाले आणि चप्पल काढून आत गेले.

एवढेच! मी पाकिटात तडफडत होते. म्हणा ना पुढचे, म्हणा! पण नाही. त्यांनी मला खालच्या खणात ठेवले, किल्ली फिरवली आणि हातपाय धुवायला गेले. माणूस वाईट नाही, मित्रांनो. बाहेर बोलायला त्यांना अवघड गेले नाही, घरात जाते. आज इतके महिने झाले, वृषाली रोज कामावर जाते, इतरांचे साचे चमकवते, संध्याकाळी येऊन भाकरी थापते. ठाण्यात भिमाजी काय बोलले ते तिला अजून माहीत नाही.

तुमच्या घरातल्या वस्तू जपा, घासून पुसून ठेवा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मीही सांगते. पण घासणाऱ्यालाही कधीतरी सांगा की तुझे काम आम्ही पाहिले. आणि अवसरीच्या बाजूला कधी गेलात, तर संध्याकाळी पाचच्या पुढे रस्त्याला कंपनीची बस थांबते. तिच्यातून उतरणाऱ्या वृषालीला तेवढे सांगा, सासरे ठाण्यात तुझ्याबद्दल काय बोलले ते. मला सांगता येत नाही आणि भिमाजी सांगणार नाहीत.