केसरच्या गळ्यातला दोरा

शेषरावांच्या धाकट्या भावाचं, वामनरावांचं, लग्न सहासष्ट सालच्या वैशाखात झालं. त्याच वर्षी पोळा उलटल्यावर पिंपळगाव राजाच्या वेशीबाहेर दोरेबाबानं मुक्काम टाकला. पंधरा दिवसांत वडनेर भोलजीहून बैलगाड्या येऊ लागल्या. गळ्याला गाठी आलेली, तापानं फणफणलेली पोरं मांडीवर घेऊन बाया चिंचेखाली ताटकळत बसत.

बाबा हंड्यातून ओलाचिंब सुती दोरा काढायचा आणि पोराच्या गळ्याला घट्ट बांधायचा.

"हे गाठ म्हंजे मागल्या जन्मीचा फास," तो म्हणायचा. "डाक्टर सुई टोचते. सुईनं फास तुटते काय? उद्या या. आपल्या मनानं सैल होईन."

दुसऱ्या दिवशी खरंच दोऱ्यात बोट जायचं. बाबा ते बोट सगळ्यांना दाखवत गोल फिरवायचा आणि बाया पायावर डोकं ठेवायच्या.

शेजारच्या उकंडरावांची नात गोजर अशीच वीस दिवसांत बरी झाली. उकंडराव शेषरावांना म्हणाले, "काऊन वाट पाहून राह्यला बे? ने केसरले."

केसर ही शेषरावांची आठ वर्षांची एकुलती लेक. तिलाही तसाच ताप, तशाच गाठी. शेषराव तिला रोज खांद्यावर घेऊन जात. बाबा रोज नवा ओला दोरा बांधी, तो रोज सैल होई. केसर मात्र पांढरी पडत चालली. तिच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं.

"विष बाहेर पडून राह्यलं," बाबा म्हणाला. ते ऐकून शेषरावांना बरं वाटलं. पुढं तेच त्यांना फार डाचलं.

बाविसाव्या दिवशी त्यांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, कोणाला न विचारता गाडी जुंपायला लावली.

खामगावात डॉक्टर रमाकांत यांनी केसरच्या रक्ताचा थेंब काचेवर घेतला. बराच वेळ सूक्ष्मदर्शकातून पाहिल्यावर त्यांनी शेषरावांना जवळ बोलावलं आणि आधी दुसरीच काच लावली.

"हे दुसऱ्या एका पोराचं रक्त. त्याला विषाणूचा ताप होता. या पेशी बघा. लहान, मोठ्या, वेड्यावाकड्या. रोगाशी भांडायला उठलेल्या. भांडण मिटलं की बसतात. पोराला तीन-चार आठवडे विसावा दिला की पुरे. आता ही केसरची काच."

"ह्या तं साऱ्या एकसारख्या दिसतात."

"एकसारख्या, कोवळ्या, बिनकामाच्या. बाकीचं रक्त त्या तयारच होऊ देत नाहीत. हा रक्ताचा कॅन्सर आहे, शेषराव. वरून ताप तसाच, गाठी तशाच. फरक इथंच दिसतो."

"पण साहेब, दोरा तं रोज सैल होये."

डॉक्टरांनी तिच्या गाठी चाचपल्या. बोरांएवढ्या होत्या. "ओला बांधत होता का?"

"हाव."

"पिळाचा दोरा भिजला की आखडतो. वाळला की लांबतो."

विहिरीचा दोर भिजून आखडताना शेषरावांनी वीस वर्षं पाहिला होता.

"आधी आणली असती तं वाचली असती?"

"असं नाही सांगत. पण रक्त देता आलं असतं, मुंबईहून औषध मागवता आलं असतं. काही महिने मिळाले असते. आता ती फार खचली आहे."

केसरजवळ मनकर्णाबाईंना ठेवून शेषराव गावी गेले. सकाळीच मुसळ घेऊन चिंचेखाली उभे राहिले.

"बाबा, माह्या मुसळाले ताप आहे. दोरा बांधा."

"देवाची थट्टा करतं काय?"

"थट्टा करायची ताकद नाही राह्यली आता."

त्यांनीच हंड्यातला दोरा काढून मुसळाला घट्ट बांधला आणि मुसळ उन्हात ठेवलं. माणसं थांबून राहिली. दुपारी दोऱ्यात बोट गेलं.

"मुसळाचाही मागला जन्म होता म्हणायचा," एक म्हातारी म्हणाली. हसलं कोणी नाही.

उकंडराव पुटपुटले, "पण माही गोजर तं बरी झाली."

"घरी निजवली असती तरी झाली असती. आपोआप बरं झालं ते बाबाचं, नाही झालं ते पोराचं नशीब. पोराचा ताप हटत नसला, गळ्याले गाठी आल्या, तं आधी रक्त तपासा. मंग कोणाचे पाय धरायचे ते धरा."

संध्याकाळपर्यंत बाबा निघून गेला. आठ दिवसांनी तो साखरखेर्ड्याला बसल्याचं कळलं. शेषराव तिथंही जाऊन सांगून आले. निम्म्या लोकांनी ऐकलं.

केसर रविवारी, ४ डिसेंबर १९६६ रोजी सकाळी, खामगावच्या दवाखान्यात वारली.