रुंदी अधिक जाडी

धाकटीचं खातं बंद पडलं ते एका बाईपायी. बाईला डोकं नव्हतं, हात नव्हते आणि कमरेखाली पायांऐवजी लाकडी दांडा होता. शिवलेला कपडा चढवून बघायचा तो पुतळा. धाकटी त्याला लाडाने 'बाई' म्हणायची. पंचवीस वर्षांत बाईचं वरचं कापड विटलं, म्हणून धाकटीने ते काढून नवं चढवलं आणि मधल्या उघड्याबोडक्या अवस्थेतला एक फोटो टाकला. खाली लिहिलं, 'आज आमच्या बाईंचं नवं कातडं.' तासाभरात कंपनीचा निरोप आला: मजकूर अश्लील आहे, खातं बंद करत आहोत.

धाकटीने कळवलं, तो पुतळा आहे. उत्तर आलं, तुमच्या भावनांची आम्हाला कदर आहे. तिने पुन्हा कळवलं, त्यात कापूस भरलाय हो. पुन्हा कदर. तिसऱ्या वेळी विचारणा आली की आमच्या उत्तराने आपलं समाधान झालं का, पाचपैकी किती तारे द्याल?

"दे की एखादा," नवरा म्हणाला.

"काजळी लागो त्यांच्या ताऱ्यांना!"

धाकटी म्हणजे फक्त दोघी बहिणींतली धाकटी. एरवी तिला चाळिशी लागूनही दहा वर्षं झाली होती. घराच्या पुढच्या खोलीत ती कपडे दुरुस्त करून द्यायची आणि दर मंगळवारी त्या खात्यावर काहीबाही लिहायची: कोपर फाटलेला कोट कसा वाचवावा, चेन अडकली तर मेणबत्ती कशी घासावी. हे नऊ वर्षांचं लिखाण बुडालं, त्याचं दुःख होतंच. पण तिचा जीव अडकला होता अंगठ्यात.

अंगठा थोरलीचा. आईमागे वाटणी झाली तेव्हा आईचं शिलाई मशीन धाकटीकडे आलं, आणि मशीनला लावायच्या सुट्या भागांचा पत्र्याचा डबा थोरलीने आठवण म्हणून उचलला. त्या डब्यातच काजं करायचं अटॅचमेंट होतं. धाकटी म्हणाली, "मशीनशिवाय तो डबा घेऊन काय करणार? खुळखुळा वाजवणार?" थोरली म्हणाली, "वाजवीन." आणि गेली. त्याला आठ वर्षं झाली. तेव्हापासून धाकटी प्रत्येक काज हाताने करायची, आणि प्रत्येक काजाला थोरलीची आठवण काढायची. आठवण कसली, उद्धारच.

पण दर मंगळवारी, धाकटीने काही लिहिलं की अर्ध्या तासात थोरलीचा अंगठा खाली येऊन बसायचा. शब्द नाही, नुसता अंगठा.

"तीस वर्षं पोस्टात काढली ताईंनी," नवरा म्हणायचा, "आणि आता अंगठाबहाद्दर झाल्या."

धाकटी वरवर हसायची. पण अंगठा आला की थोरली उठलीय, चष्मा लावलाय, धडधाकट आहे, एवढं कळायचं. खातं गेलं तसा अंगठाही गेला. नंबर दोघींकडे होते. प्रश्न एवढाच होता की आधी फोन कोणी करायचा, आणि त्याचं उत्तर आठ वर्षं दोघींना पाठ होतं: तिने.

तिसऱ्या मंगळवारी धाकटी वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक घेऊन आली. स्वतःची वेबसाइट स्वतः बनवा.

"दुसऱ्या एखाद्या कंपनीत नवं खातं काढ की," नवरा म्हणाला.

"आणि तिथे पुन्हा बाईला वस्त्रं नेसवत बसू? माझं दुकान, माझी पाटी. कुलूप घातलं तर मी घालीन."

पुस्तक वाटलं होतं तेवढं परकं निघालं नाही. कॉम्प्युटरला सांगायच्या प्रत्येक खुणेला सुरुवात आणि शेवट हवा. टीप मारायच्या आधी गाठ, टीप संपल्यावर गाठ, तसंच. मार्जिन हा शब्द तर तिला पंचवीस वर्षं येत होता. पहिल्यांदा तिने सवयीने पडद्याला टेप लावून माप घेतलं, आणि तेच पान मोबाइलवर उघडलं तेव्हा ते जाड्या माणसाला बारक्याचा शर्ट चढवल्यासारखं दिसलं. दुसऱ्या दिवशी ठळक अक्षरांची गाठ मारायची राहिली, तर शीर्षकापासून तळापर्यंत सगळं पान सुजलं. नवरा छापखान्यात प्रुफं तपासून निवृत्त झालेला. त्याने चष्मा वर करून सांगितलं, "मजकूर ओरडतोय."

महिनाभराने साइट उभी राहिली. पिवळी पार्श्वभूमी, वर आईच्या मशीनचा फोटो, खाली आठवून आठवून पुन्हा लिहिलेली चौदा पानं. कोपऱ्यात भेटी मोजणारा आकडा आणि ईमेल.

आता थोरलीला कळवायचं कसं? त्यासाठी मामी होती. मामी म्हणजे घराण्याचं आकाशवाणी केंद्र. धाकटीने तिला फोन केला, साइटचं नाव दोनदा सांगितलं आणि म्हणाली, "पण मामी, ताईला मात्र सांगू नका हं."

"छे गं, मी कशाला सांगू!"

संध्याकाळी मामीचा फोन. "नाही गं सांगितलं. नुसतं वाचून दाखवलं. ती म्हणाली, पिवळा फार झालाय."

म्हणजे थोरलीने साइट उघडली होती. धाकटी आकड्याकडे डोळे लावून बसली. बत्तीस. चाळीस. एकसष्ट.

"एवढं बघू नकोस त्याच्याकडे," नवरा ओशाळून म्हणाला. "त्यातले पन्नास मी आहे. वेलांट्या तपासत होतो."

दोन मंगळवार गेले. थोरलीकडून अक्षर नाही. अंगठा उमटवायची तर सोयच नव्हती.

"अंगठ्याचं एक बटण लावून टाक," नवऱ्याने सुचवलं.

"नाही. आठ वर्षं अंगठा झाला. आता तोंड उघडू दे."

"नाही उघडलं तर?"

धाकटी सुईत दोरा ओवत होती. तो तीनदा हुकला. मग ती उठली आणि 'काज कसं करावं' हे पान उघडून बसली. तिथे लिहिलं होतं: बटणाची रुंदी अधिक जाडी, एवढं काज कापावं. आईचा हा नियम. चुकलं की आई मापाची पट्टी बोटांवर मारायची. धाकटीने त्यातले 'अधिक जाडी' हे दोन शब्द पुसले. राहिलं: बटणाची रुंदी, एवढं काज कापावं.

नवरा मागे उभा होता. "अगं, मग बटण जाईल कसं?"

"नाही जाणार."

"चूक आहे ही!"

"ताईला आमंत्रण दिलेलं चालत नाही हो. तिला चूक लागते."

लहानपणी हाच उद्योग चालायचा. धाकटीने मुद्दाम टाके वेडेवाकडे घालायचे, म्हणजे थोरली "आण इकडे, मठ्ठ!" म्हणून कापड हिसकावून घ्यायची आणि शेजारी बसायची. कापड शिवून व्हायचं ते व्हायचं, पण ती शेजारी बसायची.

चूक चढवली आणि चौथ्या दिवसापासून पत्रं सुरू झाली. जगात काजाबद्दल एवढी कळकळ असेल याची तिला कल्पना नव्हती. एका निवृत्त शिंप्याने आकृती काढून पाठवली. एका बाईने लिहिलं, तुमच्यावर विश्वास ठेवून नवऱ्याचा कोट कापला, आता तो कोट उघडाच घालतो. धाकटीने तिला कोट पाठवून द्या, फुकट दुरुस्त करते, असं कळवलं. तेवीस पत्रं आली. थोरलीचं एकही नव्हतं.

घरात नवऱ्याची दशा कोटवाल्यापेक्षा वाईट. चहाचा कप घेऊन तो कॉम्प्युटरपाशी जायचा, बघायचा, सुस्कारा टाकायचा. "घरात उघडी चूक ठेवून अन्न गोड लागत नाही गं. गॅस सुरू राहिल्यासारखं वाटतं."

नवव्या दिवशी समोरच्या औषधांच्या दुकानातली बाई कोट घेऊन आली. कोट मांडीवरच धरून म्हणाली, "रागावू नका, पण काजं... येतात ना तुम्हाला? नाही, वाचलं म्हणून विचारलं."

ती गेल्यावर धाकटीने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर गेली. "पुरे झालं. काढते. धंद्याचं नाव जातंय आणि तिला सोयरसुतक नाही."

तिचा हात नवऱ्याने धरला. ज्याने जन्मात एक अनुस्वार माफ केला नव्हता, त्याने.

"अजून एक दिवस राहू दे," तो म्हणाला. "उद्या मंगळवार आहे."

मंगळवारी सकाळी अकराला मेल आली. विषयाच्या जागी लिहिलं होतं: चुकांबाबत.

'बटणाला जाडी असते हे तुला सहाव्या वर्षी माहीत होतं. चूक मुद्दाम केली आहेस हे पहिल्याच दिवशी कळलं. किती दिवस धीर धरतेस ते बघत होते. आता काढ, लोकांचे कोट फाटताहेत. बाकीच्या चुका मात्र मुद्दाम दिसत नाहीत. एक, पान पिवळं का? कावीळ झाल्यासारखं. दोन, मशीनचा फोटो तिरका आहे. तीन, फोटोत चाक कोरडं दिसतंय, आईच्या मशीनला तेल घाल. चार, चेनला मेणबत्ती नाही, पेन्सिलीचं शिसं घासायचं, हेही आईनेच सांगितलं होतं, तू तेव्हा झोपली होतीस. पाच, नवव्या पानावर तुझा हात आहे, तो किती वाळलाय! सहा, पत्ता नाही. दोन वर्षांपूर्वी तू घर बदललंस, तेव्हा नवा पत्ता कळवला नाहीस. मामीला विचारू शकते, पण मग ते जाहीर होईल. अपुऱ्या पत्त्याची टपालं मी तीस वर्षं परत पाठवली, माझंच परत येऊ नये. डबा कुठे आणून देऊ? आठ वर्षं खुळखुळा वाजवून हात दुखला.'

धाकटीने मेल दोनदा वाचली. तिसऱ्या वेळी नवऱ्याला मोठ्याने वाचावी लागली, कारण तिचा चष्मा धुकटला होता.

"पाठव लगेच पत्ता," तो म्हणाला. "उत्तरात लिही."

"उत्तरात कशाला? साइटवर नाही म्हणून सांगितलंय ना तिने? साइटवरच घालते."

"अगं, ती जाहीर होऊ नये म्हणतेय आणि तू जगाला..."

पण ती टाइप करायला लागलीसुद्धा. घराचा क्रमांक, रस्ता, औषधांच्या दुकानासमोर, पहिला मजला. जिन्याची तिसरी पायरी हलते, कठडा धरावा. दुपारी एक ते चार बंद. बहिणीला लागू नाही.

मग तिने खुर्ची सोडली. नवरा अधीरपणे बसला, काजाच्या पानावर गेला आणि 'अधिक जाडी' हे शब्द एका बोटाने, एकेक अक्षर चवीने घालत परत लिहिले. एक मोठा श्वास सोडला. आणि सवयीने नवा पत्ताही तपासायला घेतला.

"हे 'बहिणीला लागू नाही' धंद्याच्या पाटीवर बसत नाही हं," तो म्हणाला. "काढू?"

मशीनच्या चाकात तेल सोडता सोडता धाकटीने वर बघितलं.

"हात लावून बघा."